अतिवृष्टीची एक बातमी आणि मुख्य परीक्षेचं उत्तर : चालू घडामोडी वाचायच्या कशा?

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पाऊस कसा झाला, हे इथल्या कुणाला सांगायची गरज नाही. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभ्या उभ्या सडलं, कापसाची बोंडं काळी पडली, नदीकाठच्या रानांतली माती खरवडून गेली. त्यानंतर कितीतरी आठवडे वर्तमानपत्रांत पंचनामे, मदत, पॅकेज आणि विमा हेच विषय होते. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलामुलींनीही त्या बातम्या वाचल्या. बहुतेकांच्या वहीत मात्र एकच ओळ उतरली : ‘राज्य सरकारचं 31,628 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर.’ मग पान उलटलं आणि पुढची बातमी सुरू झाली.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत या पद्धतीने फार वेळ जातो आणि हाती फार थोडं लागतं. वर्षभरात अशा ओळींनी तीन-चार वह्या भरतात. पूर्व परीक्षेच्या आधी त्या चाळल्या जातात आणि मुख्य परीक्षेला त्यातलं काही उपयोगी पडत नाही. मुख्य परीक्षेत घटनेमागची व्यवस्था विचारतात, आणि ती व्यवस्था एका ओळीत मावत नाही.

धोरण म्हणजे काय, याच्या व्याख्या पुस्तकांत भरपूर आहेत. अभ्यासापुरतं सांगायचं तर चार प्रश्नांची उत्तरं म्हणजे धोरण. निर्णयाचा अधिकार कुणाचा? पैसा कुणाच्या तिजोरीतून येतो? कोण पात्र आणि कोण अपात्र, हे कोणत्या नियमाने ठरतं? आणि गावात येऊन प्रत्यक्ष काम कोण करतं? कोणतीही बातमी या चार प्रश्नांतून काढली की तिच्यातला अभ्यासाचा भाग वेगळा होतो आणि उरलेलं सोडून देता येतं. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून अतिवृष्टीचीच बातमी घेऊन पाहू.

एकच पाऊस, दोन वेगळे पैसे

पाऊस एकच असला तरी शेतकऱ्याच्या खात्यात दोन अगदी वेगळ्या वाटांनी पैसे येऊ शकतात. एक शासनाची आपत्ती मदत, दुसरी पीक विम्याची भरपाई. गावात दोन्हींची चर्चा एकत्रच होते आणि बातम्यांतही त्यांची सरमिसळ होते. परीक्षा देणाऱ्याने मात्र या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर पुढचं सगळं उत्तर घसरतं.

आधी आपत्ती मदत. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीत आहे, नोंद 14. ‘आपत्ती व्यवस्थापन’ नावाचा विषय मात्र संघ, राज्य आणि समवर्ती या तिन्ही सूच्यांत कुठेच नाही. तरी संसदेने 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा केला आणि त्यातून दोन निधी उभे राहिले. कलम 46 खाली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी आणि कलम 48 खाली राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. राज्याच्या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के. कोणत्या राज्याला किती रक्कम, याची शिफारस वित्त आयोग करतो. म्हणजे गावातल्या पंचनाम्याचा धागा थेट वित्त आयोगापर्यंत, कलम 280 पर्यंत जातो. वित्त आयोगाचं प्रकरण पुस्तकात कोरडं वाटतं, पण या वाटेने तिथे पोचलात तर ते विसरणं अवघड आहे.

या निधीतून किती द्यायचं, याचे दर केंद्राने ठरवलेले आहेत. 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, बागायत पिकाला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये असे दर आहेत. मर्यादा 2 हेक्टरची आणि नुकसान किमान 33 टक्के असायला हवं. ही अट 2015 च्या आधी 50 टक्क्यांची होती. 2025 च्या अतिवृष्टीत राज्याने 3 हेक्टरपर्यंत मदत द्यायचं ठरवलं. केंद्राच्या निकषांपलीकडे जे द्यायचं, त्याचा भार राज्याच्या स्वतःच्या तिजोरीवर येतो. केंद्र-राज्य आर्थिक संबंधांवरच्या उत्तरात हे उदाहरण चपखल बसतं.

आता त्या 8,500 रुपयांकडे नीट पाहा. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, काढणी धरली तर अडीच एकर सोयाबीनचा खर्च यात निघत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला हिशेब न मांडताही कळतं. मग एवढीच रक्कम का? शासन निर्णयात या मदतीला ‘निविष्ठा अनुदान’ म्हटलेलं असतं. पुढच्या हंगामात पेरणी करता यावी, एवढाच तिचा हेतू. झालेलं नुकसान भरून देण्यासाठी ती आखलेलीच नाही. ‘मदत तुटपुंजी आहे’ असं लिहिणारा उमेदवार आणि ‘आपत्ती निधीची रचना पुनर्पेरणीपुरती आहे; नुकसानभरपाईचा भार विम्यावर टाकलेला आहे आणि विमा कमी पडला की शेतकरी दोन्हींच्या मध्ये अडकतो’ असं लिहिणारा उमेदवार, या दोघांच्या गुणांत फरक पडणारच. माझ्या मते पहिल्याचं म्हणणंही खरं आहे. फक्त दुसऱ्याने त्याचं कारण सांगितलं.

आता विमा. इथे सूचीच बदलते. शेती राज्याची, पण विमा संघसूचीत, नोंद 47. त्यामुळे प्रधानमंत्री पीक विमा योजना केंद्राची, राबवणार राज्य, आणि मध्ये विमा कंपनी. 2016 च्या खरिपात ती सुरू झाली. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या (पीक पूर्ण गेलं तर मिळणारी कमाल भरपाई) 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना 5 टक्के. कंपनीचा प्रत्यक्ष हप्ता याहून बराच जास्त असतो आणि वरचा भाग केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा भरतात. 2020 च्या खरिपापासून केंद्राने आपल्या वाट्याला मर्यादा घातली : जिरायत क्षेत्रात हप्त्याचा दर 30 टक्क्यांपर्यंत आणि बागायत क्षेत्रात 25 टक्क्यांपर्यंत असेल तेवढ्यावरच केंद्र वाटा देणार. त्याच वेळी कर्जदार शेतकऱ्यांवरची सक्ती काढून योजना ऐच्छिक झाली.

भरपाई कशी ठरते, हा भाग वर्गात घाईने उरकला जातो आणि खरी मेख तिथेच आहे. महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी विम्याचं एकक महसूल मंडळ आहे. तुमचं एकट्याचं शेत नव्हे, पंधरा-वीस गावांचं मंडळ. मंडळाचं ‘उंबरठा उत्पन्न’, म्हणजे ज्याच्या खाली उत्पादन गेलं तरच भरपाई मिळते ती पातळी, काढण्यासाठी मागच्या सात वर्षांतल्या सर्वाधिक उत्पादनाच्या पाच वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. हा स्तर 70, 80 किंवा 90 टक्के असतो. मग चालू हंगामात पीक कापणी प्रयोग होतात. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखतात, तेवढंच पीक कापून, मळून, वजन करतात. त्या काही प्लॉटांच्या सरासरीवर अख्ख्या मंडळाचं उत्पन्न ठरतं.

समजा मंडळाचं उंबरठा उत्पन्न हेक्टरी 1,000 किलो आहे आणि प्रयोगांत 600 किलो निघालं. तूट 400 किलो, म्हणजे 40 टक्के. विमा संरक्षित रक्कम 50,000 धरली तर हेक्टरी 20,000 रुपये मिळतील. प्रयोगांत 1,000 किलोच्या वर निघालं तर या पद्धतीने त्या मंडळात कुणालाच काही मिळणार नाही, मग तुमचं रान नदीकाठी असून पूर्ण वाहून गेलेलं का असेना. शेजारच्या गावाला विमा मिळाला आणि आम्हाला का नाही, या दरवर्षीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मंडळाच्या हद्दीत सापडतं.

अजून एक गोष्ट इथे बघण्यासारखी आहे. सात वर्षांत लागोपाठ तीन-चार दुष्काळ पडले, तर सर्वोत्तम पाच वर्षांतही वाईट वर्षं शिरतात, सरासरी खाली येते आणि उंबरठा उतरतो. म्हणजे जिथे संकट वारंवार येतं तिथेच संरक्षण पातळ होत जातं. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागासाठी हा या योजनेतला गंभीर दोष आहे आणि उत्तरात तो यायलाच हवा.

बीड पॅटर्नपासून एक रुपयापर्यंत

धोरण कसं बदलत जातं, हे शिकायला महाराष्ट्रातल्या पीक विम्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. बीडमध्ये जोखीम इतकी, की कंपन्या निविदाच भरेनात. 2020 मध्ये तिथे 80-110 चं सूत्र आणलं गेलं. भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांपर्यंत गेली तर कंपनी देणार, त्यावरचा भार राज्य उचलणार. उलट भरपाई कमी निघाली तर कंपनीने हप्त्यातले 20 टक्के ठेवून उरलेले राज्याला परत करायचे. यालाच बीड पॅटर्न म्हणतात. कंपनीच्या नफ्यालाही मर्यादा आणि तोट्यालाही.

2023 च्या खरिपात राज्याने शेतकऱ्याचा हप्ता स्वतः भरायचं ठरवलं आणि शेतकऱ्याला फक्त 1 रुपया ठेवला. अर्ज प्रचंड वाढले. त्याबरोबर बोगस अर्जही आले, ज्या जमिनीवर पीकच नाही तिथला विमा काढल्याची प्रकरणं बाहेर आली. 2025 च्या खरिपात 1 रुपयाची योजना बंद होऊन पुन्हा 2 टक्के, दीड टक्का आणि 5 टक्के हे दर आले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आधारित ठेवली गेली. लागलीच सप्टेंबरात अतिवृष्टी झाली.

या प्रवासात सार्वजनिक धोरणाचा अर्धा अभ्यासक्रम येतो. खासगी कंपनीला तोट्याच्या जागी कसं आणायचं? अनुदान वाढलं की गैरवापर वाढतो, म्हणून खरा गरजू माणूस बाहेर ठेवायचा का? सोपं केलं की तिजोरीवर भार, कडक केलं की सहभाग कमी, यातलं संतुलन कुठे? सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरात हे शेती आणि विम्याच्या बाजूने विचारता येतं, दुसऱ्या पेपरात शासनव्यवस्थेच्या बाजूने, आणि चौथ्या नीतिशास्त्राच्या पेपरात तलाठ्यावर खोट्या पंचनाम्यासाठी दबाव आला तर काय, अशा प्रसंगातून. एकाच विषयाच्या टिपणावर तीन पेपर निभावतात.

आता पुन्हा 31,628 कोटींच्या आकड्याकडे या. आपत्ती निधीच्या निकषांची मदत, रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी 10,000 रुपयांची जादा मदत, खरवडून गेलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून करायची कामं, रस्ते-पूल यांची दुरुस्ती, हे सगळं मिळून तो आकडा झालेला आहे. कुठल्याही पॅकेजचा आकडा दिसला की लगेच पाहायचं : यातला नवा पैसा किती, आधीपासूनच देय असलेला किती, आणि थेट खात्यात जाणारा किती. ही सवय अंगी लागली की अर्थसंकल्प वाचणंही सोपं जातं.

शासन निर्णय वाचायला शिका

मुलं शासन निर्णयाला घाबरतात, कारण भाषा जड असते. पण रचना ठरलेली आहे. वर ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांचे क्रमांक, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय, शेवटी खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या क्रमांकाच्या खात्यात, टाकायचा ते. प्रस्तावनेत सरकार स्वतःच सांगतं की हा निर्णय का घ्यावा लागला. उत्तराची पहिली दोन वाक्यं तिथून मिळतात. ‘वाचा’ मधले जुने निर्णय पाहिले की धोरणाचा इतिहास हाती येतो. लेखाशीर्ष 2245 दिसलं की समजायचं, पैसा नैसर्गिक आपत्तीच्या मदतीतून जातोय. महिन्यातून दोन शासन निर्णय असे अख्खे वाचले तरी पुष्कळ झालं. महिन्याच्या अखेरीला येणाऱ्या दीडशे पानी चालू घडामोडींच्या पीडीएफपेक्षा त्यांची किंमत मी जास्त धरतो.

त्याला जोड तहसील कार्यालयाची. पावसाळ्यात मंडळाच्या ठिकाणी किती पाऊस नोंदला गेला, हे पाहा. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला की मंडळात अतिवृष्टी धरतात. पर्जन्यमापक मंडळाला एक आणि पाऊस शिवारागणिक वेगळा, त्यामुळे काय घोळ होतो ते तिथल्या माणसांकडून ऐका. पंचनाम्याला महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत अशा तिन्ही बाजूंचे कर्मचारी लागतात. एका तलाठ्याकडे किती गावं आहेत, एवढं विचारलं तरी अंमलबजावणी का रखडते यावर एक परिच्छेद तयार होतो. दिल्ली-पुण्यात शिकवणीला गेलेल्याला हे पुस्तकातून वाचावं लागतं. तुमच्या गावापासून ते चार-दोन कोसांवर आहे.

पाण्याचा प्रश्न : राग आणि पुरावा

गोदावरीवरच्या जायकवाडी धरणासाठी वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं, या वादाबद्दल थोडक्यात, पण लिहायलाच हवं, कारण या विषयावर आपल्या भागातली मुलं तावातावाने लिहितात आणि गुण गमावतात.

पाणी राज्यसूचीत आहे, नोंद 17, पण संघसूचीतल्या नोंद 56 च्या अधीन, जी आंतरराज्य नद्यांविषयी आहे. गोदावरी आंतरराज्य नदी असली तरी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद एकाच राज्याच्या आतला, म्हणून इथे कलम 262 खालचा लवाद येत नाही. लागू होतो तो महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, 2005. त्याच्या कलम 12(6)(सी) चा आशय असा : टंचाई सगळ्यांनी समन्यायाने वाटून घ्यावी, यासाठी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतल्या वापरण्यायोग्य पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर जवळपास सारखी राहील, अशा रीतीने साठे नियंत्रित करावेत. प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2014 च्या आदेशाने यातून 65 टक्क्यांचा निकष आला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीची स्थिती त्याखाली असली तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये हा आदेश उचलून धरला. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे 65 टक्के म्हणजे जवळपास 50 टीएमसी.

एवढं माहीत असेल तर ‘मराठवाड्यावर अन्याय झाला’ हे वाक्य लिहावंच लागत नाही. कायदा, आदेश, निकाल आणि अंमलबजावणीतली दिरंगाई यांचा क्रम लावला की वाचणाऱ्याला ते आपोआप दिसतं. अनुशेषाचंही, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाच्या थकलेल्या वाट्याचंही, तसंच. कलम 371(2), त्याखाली 1994 मध्ये स्थापन झालेली विकास मंडळं, दांडेकर समितीचा 1984 चा अहवाल, केळकर समितीचा 2013 चा अहवाल आणि मंडळांची 30 एप्रिल 2020 ला संपलेली मुदत, एवढी साखळी हातात ठेवा. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहा. वरच्या धरणांवर तिथल्या शेतकऱ्यांनीही बागा उभ्या केल्या आहेत, आणि आपल्याकडे पाणी आल्यावर ते उसाला किती गेलं हा प्रश्न आपल्यालाही विचारला जाणार.

आता लिहिण्याचं

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. संघ लोकसेवा आयोगाप्रमाणेच लेखी 1750 गुणांची आणि मुलाखत 275 गुणांची. पर्यायांवर वाढलेल्या मुलांना हा बदल जड जातोय, ते साहजिक आहे. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात संघ आयोग 20 प्रश्न विचारतो, 10 गुणांना 150 शब्द आणि 15 गुणांना 250 शब्द, वेळ तीन तास. म्हणजे एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटं. इतक्या वेळात नवं काही सुचत नाही, आधी विचार करून ठेवलेलंच कागदावर येतं.

म्हणून टिपणं तारखेप्रमाणे काढू नका, विषयाप्रमाणे काढा. ‘पीक विमा’ या नावाचं एकच पान, त्यावर वरचे चार प्रश्न, आणि नवी बातमी आली की त्याच पानावर भर. बातमीने पानावर काहीच नवं आणलं नाही, तर ती लिहायची नाही. वर्षात असे साठ-सत्तर विषय पुरतात. पूर्व परीक्षेसाठी त्याच पानाच्या कडेला टक्के, वर्ष, कलम लिहून ठेवा. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात, संघ आयोग एकतृतीयांश आणि राज्यसेवेत एकचतुर्थांश, त्यामुळे ‘दीड की दोन टक्के’ असं अंदाजे आठवून चालत नाही.

सरावासाठी एक प्रश्न घ्या : ‘क्षेत्राधारित पीक विमा वैयक्तिक नुकसानीला न्याय देऊ शकत नाही. चर्चा करा.’ 250 शब्द. सुरुवातीला योजनेची एका वाक्यात ओळख. मग क्षेत्र एकक का ठेवलं याची बाजू, कारण प्रत्येक शेताचं मोजमाप करायचं तर खर्च आणि गैरप्रकार दोन्ही वाढतात. ही बाजू बहुतेक जण गाळतात. त्यानंतर मर्यादा : मंडळाची सरासरी, उतरता उंबरठा, मोजके प्रयोग. उदाहरण मराठवाड्याचं. शेवटी उपाय, पण ‘तंत्रज्ञानाचा वापर करावा’ एवढं मोघम नको. एकक मंडळावरून गावापर्यंत आणणं, प्रयोग गावकऱ्यांसमोर करून नोंद जाहीर करणं, उंबरठा काढताना घोषित दुष्काळाची वर्षं वगळणं, असे करता येण्याजोगे उपाय हवेत.

अभ्यासिकेत चार जण असाल तर काम वाटून घेता येतं. एकाने शासन निर्णय, एकाने कॅगचा (सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल, एकाने मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पाआधी येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, आणि चौथ्याने तहसीलची चक्कर. रविवारी तासभर एकाच विषयावर बसायचं, प्रत्येकाने आपलं सांगायचं आणि उठण्याआधी सगळ्यांनी एकच उत्तर घड्याळ लावून लिहायचं. मग वह्या अदलाबदल करून तपासायच्या.